विरजणाचा मरवा

पाटोद्याच्या पोस्टात बदली झाली तेव्हा सवयीप्रमाणे मी डायरीच्या शेवटच्या पानावर यादी केली होती. दूध कुणाकडून, गॅसची टाकी कुठे मिळते, नळाला पाणी कितव्या दिवशी येतं. सातव्या ओळीत लिहिलं होतं, ‘शेजारी काशीनाथआप्पा, पूजेच्या सामानाचं दुकान. पाण्याची वेळ विचारणे.’

त्या दोन खोल्यांत मी अकरा वर्षं राहिले. आप्पांना जाऊन आता दोन वर्षं होतील. परवा कपाट आवरताना त्या अकरा डायऱ्या पुन्हा हाती लागल्या, चाळून पाहिल्या. पाण्याच्या वेळा पहिल्या दोन डायऱ्यांतच संपल्या होत्या. त्यानंतर आप्पांचं नाव येतं ते प्रत्येक वेळी मरव्याच्या ओळीत.

मरवा म्हणजे वीतभर उंचीचं झुडूप. राखट हिरवी, डाळीएवढाली पानं. फूल असून नसल्यासारखं. गजऱ्यात मोगऱ्यामध्ये हिरवं काहीतरी ओवलेलं असतं आणि मोगरा सुकल्यावरही ज्याचा वास राहतो, तो मरवा. आप्पांच्या घरामागे, धुण्याच्या दगडाच्या पलीकडे पूर्वेच्या भिंतीला लागून त्याचे पाच बुंधे एका रांगेत होते. सकाळचं ऊन पुरेपूर मिळावं, दुपारनंतर भिंतीची सावली यावी, वर पत्र्याची वळचण असल्यामुळे पावसाची झड थेट बसू नये, असा विचार करून निवडलेली जागा. इथली काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून त्यांनी ती दोन हात खोल काढून टाकली होती आणि वाळू, विटांचे तुकडे, जुनं शेणखत भरलं होतं. हे सगळं मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी मी पाण्याची वेळ विचारायला गेले, तर आप्पांनी ती सांगायच्या आधी वाकून एक पान चुरडलं आणि माझ्यापुढे धरलं.

“वास घ्या. मंग पान्याचं सांगतो.”

मी वास घेतला.

“कसा हाय?”

“छान आहे.”

“छान न्हाई. छान तर साबन बी असतो. परत घ्या.”

आतून त्यांच्या पत्नी गंगाकाकू ओरडल्या, “आवो, त्या बाईला पानी इचारायचंय! आल्या आल्या काय नाकाला लावता?”

आप्पा उंच, वाळके, अंगात नेहमी पांढरा सदरा. सदऱ्याच्या खिशात पेन कधी दिसलं नाही, मरव्याची काडी मात्र रोज असायची. दुकानात कापूर, उदबत्ती, भस्म, खारीक-खोबरं सगळं विकायचे, पण मरवा कधी विकला नाही. गजरेवाल्यांनी पुष्कळदा विचारलं होतं. त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, “लगीन असंल तर फुकट न्या. धंदा असंल तर लावा की घरी, रोप देतो.” रोप न्यायला गजरेवाला कधी आला नाही.

सकाळी आंघोळ आणि लिंगपूजा झाली की पूजेचा तांब्या घेऊन ते मागे जात. सगळ्या बुंध्यांना रोज पाणी देत नसत. आधी प्रत्येकाच्या मातीत करंगळीशेजारचं बोट दोन पेरं घालत. कोरडं लागलं तर पाणी, नाही तर पुढे. मग एक कोवळी काडी खुडून चुलीच्या ओट्यावर ठेवत आणि काही न बोलता दुकानात जात. काकू स्वयंपाक आटोपला की ती काडी अंबाड्यात खोवायच्या. अकरा वर्षांत ह्या काडीबद्दल दोघांपैकी कुणाच्या तोंडून एक शब्द मी ऐकला नाही. बाकी सगळ्या गोष्टींवरून त्यांचं दिवसभर चालू असायचं.

मरवा मुळात काकूंचा. त्यांचं माहेर तलवाड्याचं. लग्नात सासरी निघताना आईने ओल्या फडक्यात गुंडाळून मुळासकट एक काडी ओटीत घातली होती. ही गोष्ट काकूंनी मला एकदाच सांगितली, तीही भाजी निवडता निवडता. आई गेली, नंतर भावाने घर विकलं आणि तो पुण्याला गेला. त्यानंतर काकू तलवाड्याला गेल्या नव्हत्या. “तिथं माझं कोन हाय आता? मायेचं म्हनून हे येवढं झाड ऱ्हायलं,” म्हणाल्या आणि लगेच मेथीच्या काड्या वेगळ्या करायला लागल्या.

मला वाटायचं, एकदा लावलं की मरवा वर्षानुवर्षं आपोआप राहतो. आप्पांनी ते डोक्यातून काढलं.

“ताई, मरवा म्हातारा व्हतो. दोन सालात मधून काडीसारखा होऊन जातो, पान येत न्हाई. मंग आपन त्याला परत ल्हान करायचं.”

हे ल्हान करणं दिवाळीनंतर व्हायचं. त्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद. आप्पा बुंधा सगळा उपटायचे. मधला लाकूड झालेला भाग बाजूला टाकायचे आणि कडेचे मुळं धरलेले कोंब हाताने सोडवून घ्यायचे. शेंडे खुडून वीतभर अंतरावर परत लावायचे. काकू पायरीवर बसून देखरेख करायच्या. “ती काडी कावून फेकली? जित्ती हाय ती.” “जित्ती न्हाई, तुला दिसती जित्ती.” “मला दिसती म्हंजी हायच.” शेवटी ती काडीही लावली जायची.

लावून उरलेले कोंब आप्पा वाटायचे. पहिल्या वर्षी माझाही नंबर लागला. मी म्हटलं, मला झाडांना वेळ नाही. ते म्हणाले, “हे दिलेलं न्हाई, इरजन हाय. आमचं नासलं तर तुमच्याकडून मागून न्यायचं.”

दह्याचं विरजण शेजारणी एकमेकींकडून नेतात, ते मला कळत होतं. झाडाचं विरजण पहिल्यांदा ऐकलं. मी रोप घेतलं, डायरीत ‘मरवा, रोज सकाळी सात’ लिहिलं आणि रोज सकाळी सातला पाणी घातलं. महिन्याभरात तो मेला.

दुसऱ्या दिवशी आमच्या दोन अंगणांमधल्या भिंतीवरून आप्पांनी विचारलं, “जगला का?”

सासरी दिलेल्या लेकीची खुशाली विचारावी तसा त्यांचा आवाज होता. मी म्हटलं, “हो आप्पा. छान आलाय.”

पुढची चार वर्षं असंच झालं. दिवाळीनंतर रोप, संक्रांतीपर्यंत खलास, आणि भिंतीवरून विचारलं की “छान आलाय.” मात्र आप्पा कुणाकुणाला रोप देतात ती नावं मी डायरीत लिहून ठेवायला लागले. एकोणीस घरं झाली होती. यादी मला आपोआपच करावीशी वाटते, त्याला कारण लागत नाही.

वाटप झालं की दोन दिवसांनी आप्पा दुकानाचा माल आणायला बीडला जायचे. तेव्हाही पिशवीत ओल्या फडक्याची एक पुडी असायची.

“माल आनायला बी मरवा लागतो व्हय?” काकू विचारायच्या.

“गाडीत वास येतो डिझेलचा. तेवढंच बरं वाटतं.”

एकदा माझ्या पुतणीने लांबच्या एका रोपवाटिकेतून मला बर्गमॉटचं रोप आणून दिलं. परदेशी झुडूप, पानं चहात टाकतात, एकदा लावलं की दर वर्षी मुळापासून फुटतं, असं तिने सांगितलं होतं. माझा इतिहास मला ठाऊक होता, म्हणून ते सरळ आप्पांकडे नेलं. त्यांनी पान चुरडलं, डोळे मिटले, बराच वेळ हुंगलं.

“आपल्या मरव्याचा मावसभाऊ हाय. गाव लांबचं, पन रक्त तेच.”

त्यांनी ते मरव्यापासून चार हात दूर लावलं. पावसाळ्यात त्याच्या पानांवर पांढरी भुरी आली. मी म्हटलं उपटून टाका, मरव्याला लागेल. आप्पांनी ते उपटलं नाही. जमिनीबरोबर कापलं, कापलेलं जाळलं आणि मुळं तशीच ठेवली.

“वरचं गेलं. मुळाला इचारलंय का आपन?”

काकू मला म्हणाल्या, “ताई, तुमच्या पाहुन्याची हजामत झाली बघा.”

थंडीत तिथे नुसती माती होती. फेब्रुवारीत एक दिवस आप्पा पोस्टात आले. खिडकीपाशी रांग होती, तरी बाजूने वाकून म्हणाले, “मुळानं जवाब दिला.” रांगेतल्या लोकांना वाटलं, कुणाचं तरी पत्र आलं. संध्याकाळी जाऊन पाहिलं तर मातीतून जांभळट कोंब वर आले होते, सात. तो पाहुणा दोन वर्षं राहिला. तिसऱ्या उन्हाळ्यात मात्र भाजून गेला, त्या वेळी मुळानेही उत्तर दिलं नाही. “आपला उन्हाळा त्याच्या गावात नसंल,” आप्पा म्हणाले. पण त्याची जागा त्यांनी पुढचा पावसाळा येईपर्यंत मोकळी ठेवली.

आता ज्या कामाची यादी माझ्याकडून चुकली, ते सांगते.

सहाव्या वर्षी श्रावणात आप्पा-काकूंच्या मुलीचं तेलगावला ऑपरेशन झालं. दोघं महिनाभरासाठी तिकडे निघाले. जाताना मरवा माझ्या हवाली केला. काकू पाचही बुंध्यांवरून हात फिरवून आल्या. आप्पा म्हणाले, “तारीख बघू नका. बोट घाला.”

मी ‘हो’ म्हटलं आणि घरी येऊन तक्ता केला. ‘मरवा, दिवसाआड, एक तांब्या.’ दुसऱ्याची वस्तू आहे म्हणून बोटावर विश्वास टाकवेना, तारखेवर टाकला. महिनाभर भुरभुर पाऊस. वळचणीमुळे वरून पाणी पडत नव्हतं, पण भिंत ओली, हवा ओली, माती आतून ओली. पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. मी दोन तांबे केले.

पंचविसाव्या दिवशी एक बुंधा हाताने धरला तर तो वर आला. खाली मूळ नव्हतं, काळा चिखल होता. दुसरा तसाच. पाचही तसेच.

मी पायरीवर बसले. थोड्या वेळाने डायरी आणली. घाबरले होते, पण वाट होती. एकोणीस घरांत विरजण होतं. आप्पा यायला पाच दिवस होते. चार चांगले कोंब मिळाले असते तर ते येईपर्यंत लागून गेले असते. मी दोन दिवस रजा टाकली.

पहिलं घर दुकानासमोरच्या शिंप्याचं. त्याची बायको म्हणाली, “आमचा तर लई दिस झाले गेला. पन आप्पाला सांगू नका बरं.”

दुसऱ्या घरात म्हातारे मास्तर. “बाई, मरवा का? तो तर लावला त्याच साली गेला. आप्पांनी विचारलं की मी म्हणतो, झाडच झाड झालंय.”

तिसरीकडे शेळीने खाल्ला होता. चौथीकडे फरशी बसवताना गेला. पाचवीकडे सूनबाईने गवत म्हणून उपटला. पुढे पुढे मी नुसती फुली मारत गेले. प्रत्येक घरात शेवटी वाक्य एकच होतं, ‘आप्पाला सांगू नका.’ एक आजी तर माझा हात धरून म्हणाल्या, “त्यांनी इचारलं की तोंडातून न्हाईच निघत न्हाई बघ, माय. लई मायेनं इचारतेत.”

एकोणिसाव्या फुलीला मला कळलं, ह्या गावात मरव्याचे फक्त पाच बुंधे होते आणि ते मी मारले. बाकी सगळं विरजण आमच्या सगळ्यांच्या तोंडातच होतं.

ते आले त्या दिवशी मी रिक्षा थांबायच्या आधी दारात उभी होते. काकूंच्या हातातली पिशवी घेतली आणि तिथेच सांगितलं. पाचही गेले. तारीख बघितली, बोट घातलं नाही. एकोणीस घरांतही नाही. माझ्या स्वतःच्या घरातही कधी जगला नव्हता, दर वर्षी खोटं बोलले. डायरी उघडून पुढे धरली, फुल्या दाखवल्या.

काकू मागच्या दाराशी गेल्या. तिथे उभ्या राहिल्या. माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या वळल्या आणि म्हणाल्या, “चहा टाकते.” त्यांच्या अंबाड्यात महिन्याभरापूर्वीची वाळकी काडी होती.

आप्पा डायरीतली नावं एकेक वाचत होते. वाचता वाचता हसायला लागले.

“मास्तर काय म्हनाले? झाडच झाड?”

“तुम्हाला माहीत होतं?”

“ताई, ज्याच्या घरी मरवा जगतो त्याच्या हाताला वास येतो. मास्तरच्या हाताला तंबाकूचा येतो. तुमच्या हाताला शिक्क्याच्या शाईचा.”

“मग दर वर्षी का देत होता?”

“एखाद्या साली जगंल की.” त्यांनी डायरी मिटून माझ्या हातात दिली. “एकोनीस घरं पायी फिरलात न्हव का? मंग झालं. आता उद्या तलवाड्याला जायचं. तुमी बी चला.”

आतून कप ठेवल्याचा आवाज आला. “मला न्हाई बघायचं ते घर,” काकू म्हणाल्या.

“घर नको बघू. भिंत बघ.”

बीडला बस बदलून आम्ही तलवाड्याला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं.  घराला नवा पत्रा होता, दार निळं रंगवलेलं. अंगणात साठीच्या एक बाई शेंगा फोडत बसल्या होत्या. आप्पांना बघून त्या उठल्या.

“या आप्पा! औंदा दिवाळीच्या आधीच?”

काकूंनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा चप्पल काढण्यात गुंतले होते.

“मालनबाई, मरवा हाय न्हव?”

“न्हाई म्हनायला तुमी कुठं जागा ठिवली? दर साली येऊन बोट घालून बघता.” त्या हसल्या. मग आमच्याकडे वळल्या. “ह्या कोन?”

आप्पांनी आधी मला दाखवलं, “ह्या पोस्टातल्या ताई.” मग काकूंना. “आन् ही ह्या घरची लेक.”

मालनबाईंच्या हातातल्या शेंगा सुपात पडल्या. त्या आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. काकूंच्या पायांवर पाणी घातलं. “या, आत या. दारात कावून उभ्या?” काकू आत गेल्या, मागोमाग मी. आप्पा उंबऱ्याबाहेर ओट्यावर बसले. मी बोलावलं तर म्हणाले, “मी जावई हाय. मानानं बोलवल्याबिगर आत जात न्हाई.” मालनबाई आतून ओरडल्या, “बावीस वर्सं शेंगा खाऊन जाता तवा न्हाई आठवलं जावईपन!”

मागच्या अंगणात, पूर्वेच्या भिंतीला मरवा होता. पाच नाही, अख्खी भिंतभर रांग. काकू त्याच्यासमोर खाली बसल्या. भिंतीवर हात ठेवला, झाडावर नाही. ती भिंत जुनीच होती.

निघताना मालनबाईंनी काकूंना पाटावर बसवलं, हळद-कुंकू लावलं आणि खण-नारळाबरोबर मुळासकट मरवा ओल्या फडक्यात गुंडाळून ओटीत घातला. काकूंनी दोन्ही हातांनी पदर धरला होता. लग्नातही असाच धरला असेल.

परतीच्या बसमध्ये गेवराई मागे पडल्यावर काकू आप्पांकडे वळल्या.

“बावीस वर्सं माल आनायला जातो म्हनून सांगत व्हते.”

“खोटं न्हाई. माल आनतच व्हतो.”

“मला कावून न्हाई सांगितलं?”

“तू आली असती का?”

 आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “इरजन एका घरात ठिवू नये. आन् जिथनं आनलं तिथं तर ठिवावंच. बाकी घरी मी इचारतो. तिथं जाऊन बघतो.”

काकूंनी ओटीतल्या फडक्यातून एक काडी खुडली आणि अंबाड्यात खोवली. जुनी काढून खिडकीबाहेर टाकली नाही, पिशवीत ठेवली. आप्पांनी न देता काकूंनी स्वतः काडी खुडून खोवल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं.

त्या दिवाळीनंतर आप्पांनी मला परत रोप दिलं. मी डायरीत ओळ लिहिली, ‘मरवा. बोट घालून बघणे.’ समोर तारीख नाही, वेळ नाही. माझ्या सगळ्या याद्यांमध्ये अशी ओळ तेवढीच. पहिली दोन वर्षं जेमतेम गेली. तिसऱ्या वर्षी मी तो स्वतः उपटला, मधलं लाकूड टाकलं, कडेचे कोंब लावले. पुढे बाकीच्या एकोणीस घरांतही एकेक जण खरं बोलायला लागलं. मास्तरांनी तर भर बाजारात हात जोडून सांगितलं, “आप्पा, मला नको, माझ्याच्यानं होत नाही.” आप्पांनी त्यांना त्या वर्षी दोन रोपं दिली.

माझी बीडला बदली झाली ती मे महिन्यात. टेम्पोत सामान चढलं. यादीप्रमाणे सगळं झालं होतं, शेवटी मरव्याची कुंडी मांडीवर घेऊन पुढे बसायचं राहिलं होतं. आप्पा भिंतीपलीकडे मागच्या अंगणात होते. आता त्यांना वाकायला त्रास व्हायचा, स्टुलावर बसून बोट घालत. काकू दारात उभ्या राहून सांगत होत्या, “त्या कडंच्याला बघा. न्हाई, त्याच्या शेजारच्या.”

मला बघून ते स्टूल धरून उठले, भिंतीपाशी आले आणि अकरा वर्षं विचारत होते तेच विचारलं.

“जगला का?”

मी हातातली कुंडी खाली ठेवली. भिंतीवरून हात पुढे केला. आप्पांनी बोटांना न शिवता, जरा वाकून वास घेतला. डोळे मिटले. मग मान हलवली आणि बोट घालायच्या राहिलेल्या दोन बुंध्यांची माती बघायला परत स्टुलावर जाऊन बसले.